मेक्लाँगच्या मुखाशी मिळणारे म्हावरे

थायलंडच्या किनाऱ्यावर मासळी खाण्यासाठी जाणारे पर्यटक बहुधा फुकेत, पट्टाया किंवा हुआ हिन गाठतात आणि तेथील समुद्रकाठच्या उपाहारगृहांत बर्फावर मांडलेल्या शेवंडी, कोळंबी व माकुळांच्या राशी पाहून ताज्या मासळीविषयीची आपली कल्पना पक्की करतात. या मांडणीतला कोणता जिन्नस समोरच्या समुद्रातून आला, कोणता शेततळ्यातून आणि कोणता शीतगृहातून, हे सांगणे विक्रेत्यालाही अनेकदा अवघड जाते. बँकॉकच्या नैर्ऋत्येस सुमारे ७० किलोमीटरवर असलेला समुत सोंगख्राम हा प्रांत या बाबतीत वेगळा आहे; कारण तेथे नावाजलेले बहुतेक पदार्थ नदीमुख, चिखल आणि भरती-ओहोटी यांच्याशी इतके बांधलेले आहेत की कोणता जीव कोठे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या रूपात खावा याचा निवाडा तेथील भूगोलच करतो. निळे पाणी आणि पांढरी पुळण पाहू इच्छिणाऱ्याची येथे निराशा होते, खाणाऱ्याची सहसा होत नाही.

सुमारे ४१७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा प्रांत थायलंडमधील सर्वांत लहान प्रांत असून त्याचे मुआंग, अम्फावा आणि बांग खोन्थी असे तीनच तालुके आहेत. पश्चिमेकडील डोंगरांतून येणारी मेक्लाँग नदी येथे थायलंडच्या आखाताला मिळते आणि तिच्या मुखामुळे प्रांताचे तीन पट्टे पडतात: आतल्या भागात गोड्या पाण्यावरच्या लिचीच्या बागा, मधल्या भागात भरतीचे पाणी शिरणारे कालवे व त्यांच्या काठच्या नारळीबागा, आणि समुद्रालगत खारफुटी, मिठागरे व चिखलाची विस्तीर्ण पठारे. गोडे, मचूळ आणि खारे अशा तीन पाण्यांचा प्रांत अशी त्याची ओळख थाई लोक सांगतात. ही ओळख स्वयंपाकातही पुरेपूर उतरली आहे, कारण येथील एकाच ताटातली मासळी खाऱ्या पाण्यातली, गूळ मचूळ पाण्याकाठच्या माडांचा आणि भाजी गोड्या पाण्यावरची असते.

प्रांताचा मुख्य मासा म्हणजे ‘प्ला थू’. शास्त्रीय भाषेत ‘रास्ट्रेलिगर ब्रॅकिसोमा’ या नावाने ओळखला जाणारा हा मासा कोकणातील बांगड्याचा सख्खा भाऊबंद आहे. बांगडा हा याच प्रजातीगटातला ‘रास्ट्रेलिगर कानागुर्ता’ असून थायलंडच्या समुद्रात तोही सापडतो आणि तेथे त्याला ‘प्ला लांग’ म्हणतात. प्ला थू बांगड्यापेक्षा आखूड, अंगाने रुंद आणि चपटा असतो, त्याचे मांस अधिक मऊ व चरबीयुक्त असते, आणि थाई बाजारात प्ला लांगपेक्षा त्याला मानही अधिक मिळतो. पापलेटपुढे बांगड्याला दुय्यम लेखण्याची सवय असलेल्या मराठी खवय्याला हे थोडे नवलाचे वाटेल. परंतु थायलंडमध्ये गरिबाच्या झोपडीपासून श्रीमंताच्या जेवणघरापर्यंत सर्वत्र चालणारा मासा कोणता, या प्रश्नाला प्ला थू याखेरीज दुसरे उत्तर नाही.

मेक्लाँगच्या मुखाशी मिळणारा प्ला थू इतर ठिकाणच्या प्ला थूपेक्षा चवदार का, याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. आखाताच्या मधल्या भागात, प्राचुआप खीरीखान, चुम्फॉन आणि सुरात थानी या प्रांतांसमोरच्या समुद्रात या माशाची वीण होते आणि वाढती पिल्ले उत्तरेकडे सरकत आखाताच्या आतल्या टोकाशी येतात. तेथे मेक्लाँग, थाचिन, चाओ फ्राया आणि बांग पाकाँग या नद्यांनी आणलेल्या गाळामुळे पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व प्राणी, म्हणजेच प्लवक, भरपूर वाढतात. त्यांवर पोसलेला मासा पावसाळा सरताना अंगाने भरतो आणि ऑक्टोबरपासून वर्षाखेरीपर्यंत त्याची चव सर्वोत्तम असते. प्रांताच्या मुख्य गावात डिसेंबरच्या सुमारास प्ला थूचा वार्षिक खाद्यमहोत्सव भरवला जातो, तो याच हिशेबाने.

बाजारात हा मासा बहुधा ‘खेंग’ नावाच्या लहानशा गोल बांबूच्या टोपलीत, दोन-तीन नग शेजारी शेजारी निजवलेल्या स्थितीत दिसतो आणि त्याची मान खाली वळवलेली असते. वाकलेले तोंड आणि मोडलेली मान ही मेक्लाँगच्या प्ला थूची खूण असल्याचे थाई लोक गमतीने सांगतात. प्रत्यक्षात टोपलीच्या गोलाईत मासा बसावा म्हणून विक्रेते त्याची मान हाताने मोडतात. त्यामुळे हा आकार माशाच्या मूळस्थानाचा पुरावा ठरत नाही, कारण दुसरीकडचा मासाही त्याच टोपलीत तसाच बसवता येतो. या तयार माशाला वाफवलेला मासा म्हणण्याची रीत असली तरी तो वाफेवर शिजत नाही: कल्ल्यांवाटे आतडी काढून मासे टोपल्यांत रचतात आणि टोपल्यांसकट उकळत्या मिठाच्या पाण्यात बुडवतात. शीतकपाटे नसलेल्या काळात मासा दोन-तीन दिवस टिकवण्याचा हा उपाय होता. आजही घरी नेल्यावर तो तेलात परतूनच खाल्ला जातो.

परतलेल्या प्ला थूचा कायमचा सोबती म्हणजे ‘नाम प्रिक कापी’. कापी म्हणजे खारवून, उन्हात वाळवून, कुटून आंबवलेला जवळ्याचा गोळा. त्यात लसूण, मिरची, लिंबाचा रस आणि माडाचा गूळ घालून खलबत्त्यात कुटले की पातळसर, तिखट-आंबट चटणी तयार होते आणि ती कच्च्या व उकडलेल्या भाज्यांसह, परतलेल्या माशाला लावून, साध्या भाताबरोबर खातात. ताज्या प्ला थूचे प्रकार मात्र मेक्लाँगच्या परिसरातच अधिक चाखावेत, कारण ते टोपलीतल्या खारवलेल्या माशापासून नीट साधत नाहीत. नारळाच्या दाट दुधात लाल वाटण आटवून केलेला ‘छू छी’, कमळाच्या देठांसह नारळाच्या दुधात शिजवलेले कालवण, आणि ‘मदान’ नावाच्या आंबट फळाचे पातळ सार हे त्यांतले ठळक प्रकार आहेत. मदान हे कोकमाच्याच गार्सिनिया कुळातले फळ आहे. बांगड्याच्या सारात आमसूल टाकणाऱ्या कोकणी सुगरणीला हा मेळ समजावून सांगावा लागणार नाही. याखेरीज ‘सा तिया’ नावाचा एक जुना प्रकार आहे, ज्यात अगदी ताजा मासा पोट न साफ करता अख्खाच शिजवतात. मासा पकडल्यापासून काही तासांच्या आत चुलीवर चढला नाही तर हा प्रकार करण्यात अर्थ नसतो, म्हणून ज्या खाणावळीत तो मागितल्यावर ‘आज नाही’ असे उत्तर मिळते ती खाणावळ विश्वासाची समजावी.

या माशाची दुसरी बाजू सांगितल्याविना त्याची शिफारस अपुरी राहील. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन तज्ज्ञांच्या साहाय्याने थायलंडच्या आखातात ट्रॉलर मासेमारी, म्हणजे समुद्रतळ खरवडत जाणारे जाळे यांत्रिक नौकेने ओढण्याची पद्धत, रुजली. १९६१ मध्ये सर्वेक्षण करणाऱ्या ट्रॉलरला तासाला सुमारे ३०० किलो मासळी मिळत होती. पुढच्या तीन दशकांत हे प्रमाण त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेले. प्ला थू हा वरच्या पाण्यात थव्याने फिरणारा मासा असला तरी वेढा जाळी, बारीक आसाची जाळी आणि पिल्लांची पकड यांचा फटका त्यालाही बसला, आणि आता थाई बाजारातील टोपल्यांत परदेशातून गोठवून आणलेले मासे मोठ्या प्रमाणावर असतात. विणीच्या काळात मासेमारी थांबवण्याचा उपाय सरकार अनेक वर्षे राबवत आहे: प्राचुआप ते सुरात थानी या पट्ट्यात १५ फेब्रुवारी ते १५ मे असा बंदीकाळ असतो आणि पिल्ले उत्तरेकडे सरकल्यावर आतल्या आखातातही स्वतंत्र बंदी लागू होते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका बंदरात उभ्या राहतात, त्यामागचे तत्त्व हेच; थायलंडमध्ये बंदी माशाच्या वाटचालीमागून सरकत जाते, एवढाच फरक. युरोपीय संघाने २०१५ मध्ये बेकायदा मासेमारीबद्दल थायलंडला ताकीद दिल्यानंतर नवा मत्स्यकायदा आला, नौकांची नोंदणी कडक झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती ताकीद मागे घेतली गेली. या सर्वांचा खाणाऱ्याशी संबंध इतकाच की एप्रिलमध्ये ‘आजच पकडलेला स्थानिक प्ला थू’ असे कोणी सांगू लागल्यास शंका घ्यावी.

माशानंतर मान शिंपल्याचा. मेक्लाँगच्या मुखाबाहेर नदीच्या गाळाने आणि समुद्राच्या वाळूने मिळून घडलेली ‘दॉन हॉय लॉट’ नावाची भाटी आहे, म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखल-वाळूची पठारे, आणि तेथे ‘हॉय लॉट’ हा बोटभर लांबीचा, नळीसारखा शिंपला चिखलात उभा पुरलेला असतो. प्रांताच्या अधिकृत घोषवाक्याची सुरुवातच या शिंपल्याने होते. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २००१ मध्ये या भाटीचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. ओहोटीला माणसे चिखलात उतरतात, शिंपल्याचे छिद्र शोधतात आणि चुन्यात बुडवलेली बारीक काडी त्यात घालतात. चुन्याच्या दाहाने शिंपला स्वतःच वर येतो आणि तो चिमटीत धरून अलगद ओढला जातो. ही पद्धत संथ आहे, आणि संथ असल्यामुळेच ती पिढ्यान्‌पिढ्या चालू शकली. लवकर अधिक माल मिळावा म्हणून चुन्याऐवजी कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र रसायने वापरण्याचे, चुन्याचे पाणी भाटीवर ओतण्याचे प्रकार घडले तेव्हा लहान शिंपले आणि चिखलातील इतर जीवही मेले, आणि शिंपल्यांची संख्या घटली.

भाटीसमोरच्या किनाऱ्यावर थाई नौदलाचे जनक मानले जाणारे चुम्फॉनचे राजपुत्र यांचे देवस्थान आहे आणि त्याच्या आसपास, खांबांवर उभारलेल्या लाकडी खाणावळींची रांग आहे. येथे हॉय लॉट खाण्याचा सर्वांत प्रचलित प्रकार ‘फात छा’ हा होय: मोठ्या आचेवर लसूण, मिरची, हिरव्या मिऱ्यांचे घोस, तुळशीची पाने आणि ‘क्राचाय’ नावाचे बोटांसारखे फाटे असलेले आल्याच्या कुळातले मूळ यांसह शिंपले क्षणभर परततात. शिंपल्याची मूळ चव गोडसर आणि पोत किंचित चिवट असल्याने एवढा तिखटपणा त्याला पेलतो. चिखल नीट न निथळलेल्या शिंपल्यांत वाळूचे कण दाताखाली येतात. चांगल्या खाणावळीची पारख याच गोष्टीवरून करावी. स्थानिक पीक अपुरे पडू लागल्यामुळे काही ठिकाणी बाहेरून आणलेला वा वाळवलेला माल वापरला जातो, तेव्हा ताजा आहे का हे विचारण्यात संकोच नसावा.

भाटीच्या पश्चिमेस ख्लोंग खोन हे गाव आहे. १९८० च्या दशकात कोळंबीच्या शेततळ्यांसाठी येथील खारफुटी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आणि तळ्यांत रोग शिरल्यावर ती ओसाड पडली; १९९० च्या दशकात गावकऱ्यांनी पुन्हा लागवड सुरू केली आणि आज तेथे पुन्हा उभ्या राहिलेल्या खारफुटीमधून होड्या फिरतात. गावासमोरच्या उथळ समुद्रात शिंपल्यांची शेती होते. चिखलात वाढणारे, लालसर रसाचे ‘हॉय ख्रेंग’ आणि बांबूच्या खांबांना चिकटून वाढणारे, हिरवट कवचाचे शिनाणे ही त्यांतील मुख्य पिके. शेतीवर पहारा ठेवण्यासाठी समुद्रातच खांबांवर बांधलेल्या झोपड्यांना ‘क्रतेंग’ म्हणतात, आणि त्यांपैकी काही झोपड्यांत आता पाहुण्यांना जेवण दिले जाते. शिंपल्याचे पीक आणि ताट यांच्यात याहून कमी अंतर प्रांतात इतरत्र मिळणे कठीण आहे. हॉय ख्रेंग थाई लोक उकळत्या पाण्यातून जेमतेम काढून अर्धकच्चे खातात. नदीच्या मुखाशी वरच्या कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी पोहोचत असल्याने बाहेरून आलेल्या पाहुण्याने ते पूर्ण शिजवून मागणेच शहाणपणाचे.

ख्लोंग खोनची खरी कीर्ती मात्र कापीमुळे आहे. कापीसाठी लागणारा ‘खोय’ हा जीव कोकणातल्या जवळ्याच्याच जातकुळीतला. कोकणात तो बहुधा उन्हात सुकवून साठवतात, तर येथे प्रथम मीठ लावून मुरवतात, मग वाळवून कुटतात आणि मडक्यांत आंबू देतात. मीठ जवळच्याच मिठागरांचे असते. चांगली कापी फिकट जांभळट, घट्ट आणि फार खारट नसलेली असते. तिच्यातच परतलेला ‘खाओ क्लुक कापी’ हा भात, कैरीचे कीस, कांदा, गोडसर शिजवलेले मांस आणि अंड्याच्या पट्ट्या यांसह वाढतात. ज्याला मासळीचा वास सोसत नाही त्याने येथे थांबू नये.

मुख्य गावातील रेल्वेमार्गावरचा बाजार जगभरच्या छायाचित्रकारांना ठाऊक आहे. १९०५ मध्ये सुरू झालेल्या मेक्लाँग मार्गाच्या रुळांवर भाजी-मासळीच्या पाट्या मांडलेल्या असतात, गाडी आली की विक्रेते छत्र्या मिटतात आणि गाडी गेली की पुन्हा उघडतात. हा देखावा पाहण्यासाठी आलेल्या गर्दीमुळे रुळांलगतच्या अनेक टपऱ्या आता शीतपेये व भेटवस्तू विकू लागल्या आहेत. मासळी घेण्यासाठी सकाळी लवकर, पर्यटकांच्या बस येण्यापूर्वी पोहोचावे.

अम्फावा हे रामा दुसरे या राजाचे जन्मगाव. १७६७ मध्ये जन्मलेला हा राजा कवी होता आणि खाद्यपदार्थांची स्तुती करणाऱ्या नौकागीतांची एक प्रसिद्ध रचना त्याच्या नावावर आहे, त्यामुळे या गावाचा खाण्याशी संबंध केवळ पर्यटनापुरता नाही. शुक्रवार ते रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत कालव्यात होड्यांचा बाजार भरतो. होडीतच शेगडी पेटवून कोळंबी, माकूळ आणि शिंपले भाजले जातात व काठच्या पायऱ्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती दिले जातात. प्रसंग रम्य असतो, पण ताज्या स्थानिक मासळीच्या दृष्टीने प्रांतातली ही सर्वांत कच्ची जागा म्हटली पाहिजे. येथे विकली जाणारी लांब निळ्या नांग्यांची गोड्या पाण्यातील कोळंबी आता थायलंडमध्ये बहुतांशी तळ्यांत वाढवलेली असते आणि पसरट शिंपले बरेचदा दूरच्या किनाऱ्यावरचे असतात. हौस म्हणून चार घास खावेत, पोटभर जेवण दुसरीकडे करावे.

मासळी वजनावर विकणाऱ्या खाणावळींत दर अनेकदा किलोऐवजी ‘खीत’ या मापात लिहिलेला असतो. एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. हे ठाऊक नसलेला पाहुणा दर दहापट स्वस्त समजून मोठा मासा मागवतो. वजन समोर करून घ्यावे आणि एकूण किंमत आधी विचारावी. अशा खाणावळींत मिळणारा ‘प्ला कफोंग’ म्हणजे रायगडच्या खाड्यांमधला जिताडा. त्याची पिल्ले उबवणी केंद्रात तयार करण्याचे तंत्र १९७० च्या दशकाच्या आरंभी थायलंडमध्येच, सोंगख्ला येथे, विकसित झाले, आणि आज मिळणारा बहुतेक जिताडा पाळलेला असतो. लिंबू, लसूण व मिरचीच्या पातळ रसात तो अख्खा वाफवतात. पाळलेला आहे म्हणून तो टाळण्याचे कारण नाही, पण तो स्थानिक समुद्राची चव देईल ही अपेक्षा ठेवू नये. खेकड्यांच्या बाबतीत पोटाखाली बाहेर अंडी धरलेली मादी मागू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अशा माद्या पकडण्यास थायलंडमध्ये मनाई आहे, आणि अनेक किनारी गावांत ‘खेकडा बँका’ चालतात, जेथे जाळ्यात आलेल्या अंडीवाल्या माद्या अंडी सोडेपर्यंत टाकीत ठेवल्या जातात.

एका पदार्थाविषयी स्पष्ट सावधगिरी आवश्यक आहे. नालेच्या आकाराच्या कवचाचा आणि भाल्यासारख्या शेपटीचा ‘मेंग दा’ हा प्राचीन समुद्री जीव त्याच्या अंड्यांसाठी भाजून, आंबट-तिखट कोशिंबिरीत खातात. त्याच्या दोन जातींपैकी खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या, गोल शेपटीच्या लहान जातीत टेट्रोडोटॉक्सिन हे शिजवूनही न नासणारे विष असू शकते, आणि ते स्नायूंसह श्वसनक्रियाही बंद पाडते. शेपटीचा छेद त्रिकोणी असलेली मोठी जात खाण्यायोग्य मानली जाते. पण ताटात आलेल्या भाजलेल्या जिवाची शेपटी तपासत बसण्यापेक्षा तो न मागवणे बरे.

गेल्या दशकात प्रांताच्या पाण्यात एक नको असलेला पाहुणाही शिरला आहे. पश्चिम आफ्रिकेतील काळ्या हनुवटीचा तिलापिया हा मासा २०१२ च्या सुमारास समुत सोंगख्राममधील शेततळ्यांत दिसू लागला आणि गोड्या, मचूळ व खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत तग धरत असल्याने इतर प्रांतांतही पसरला; तो कोळंबीची व शिंपल्यांची पिल्ले खातो, तर त्याची अंडी नर स्वतःच्या तोंडात सांभाळतो, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. २०२४ मध्ये सरकारने तो किलोमागे १५ बाट दराने विकत घेण्याची मोहीम काढली. त्याचे खारवलेले सुके मासे आणि मासळीचा सॉस बनवला जातो. तळलेला मिळाला तर जरूर खावा. चवीला तो साधारण आहे, पण या प्रांतात जो मासा खाल्ल्याने कोणाचेच नुकसान होत नाही तो हाच.

बँकॉकहून येथे पोहोचण्याचा सर्वांत सोपा मार्ग दक्षिणेकडील बसस्थानकावरून सुटणाऱ्या लहान बसचा, आणि सर्वांत रंजक मार्ग रेल्वेचा आहे: थोनबुरीतील वोंगवियन याई स्थानकावरून महाचाई, तेथे होडीने थाचिन नदी ओलांडून बान लेम, आणि पुढे दुसऱ्या गाडीने प्रांताच्या मुख्य गावातील मेक्लाँग स्थानक. बान लेमहून गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून अम्फावाच्या संध्याकाळच्या बाजारासाठी थांबणाऱ्याने परतीसाठी बसचाच विचार करावा. महिन्याची निवड मात्र अडचणीची आहे. भरलेला प्ला थू ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मिळतो, तर दॉन हॉय लॉटची भाटी दिवसाउजेडी चांगली उघडी पडते ती मार्च ते मे या काळात, म्हणजे मासा विणीसाठी दूर गेलेला असताना. दोहोंपैकी एकच साधणार असेल तर वर्षाअखेरचा मासा निवडावा, आणि शिंपले उन्हाळ्यातल्या दुसऱ्या खेपेसाठी ठेवावेत.